ओल्या वाटेवरचा कॅमेरा

प्रस्तावना

सह्याद्रीची छायाचित्रे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. कॅलेंडरांवर, दिवाळी अंकांत, गडकोटांवरच्या पुस्तकांत. त्यांतली बहुतेक कोरड्या हवेत काढलेली आहेत, हे जरा बारकाईने पाहिले की ध्यानात येते. ऑक्टोबर ते फेब्रुवारीचे निळे आकाश, धुऊन निघालेले कडे, पिकून पिवळे झालेले गवत. पावसाळ्याची चित्रेही भरपूर आहेत. पण तीही पाऊस उघडल्यावर, आडोशाला उभे राहून टिपलेली. ओढा काठावरून दिसतो, धबधबा समोरच्या टेकडीवरून. पावसाची चित्रे पुष्कळ, पावसात बसून काढलेली थोडी. याचा दोष छायाचित्रकारांना देता येणार नाही. ज्या हवेत माणूस भिजत पुढे चालत राहतो, त्या हवेत त्याचा कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी सॅकच्या तळाशी जाते.

आणि घाटातले जगणे तर याच महिन्यांत भरात असते. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या काळात. पहिल्या सरींबरोबर वलगणीचे मासे ओहोळातून उलटे चढू लागतात. बेडकांचे आवाज सुरू होतात, खेकडे बिळांबाहेर येतात, सड्यांवरच्या जांभ्या दगडावर बोटभर उंचीच्या वनस्पती उगवून, फुलून, बी धरून तीन-चार महिन्यांत संपूनही जातात. जे सर्वांत जास्त घडते, त्याचीच चित्रनोंद आपल्याकडे सर्वांत कमी आहे. हे पुस्तक त्या उणिवेतून निघाले आहे, आणि या कामाकडे नव्याने वळणाऱ्या प्रत्येकाचे त्यात मनापासून स्वागत आहे.

ज्या कॅमेऱ्याविषयी आपण बोलणार आहोत तो खिशात मावतो, वेगळे कवच न चढवता पाण्यात जातो, कमरेइतक्या उंचीवरून खडकावर पडला तरी सहसा चालू राहतो. ट्रेकर त्याला ‘टफ कॅमेरा’ म्हणतात, दुकानदार ‘वॉटरप्रूफ’. ऑलिम्पसची टीजी मालिका (२०२३ साली आलेला टीजी-७ आता ‘ओएम सिस्टम’ या नावाने विकला जातो) आणि रिको-पेंटॅक्सची डब्ल्यूजी मालिका ही त्यांतली आजची ठळक घराणी. चित्राच्या सुबकतेत हे कॅमेरे मोठ्या कॅमेऱ्यांच्या जवळपासही येत नाहीत, हे पहिल्याच पानावर स्वच्छ सांगतो. त्यांचे मोल ते कुठे आणि केव्हा हजर राहू शकतात यावर ठरते. पुढच्या सर्व प्रकरणांमागे हीच भूमिका आहे.

डोंगरात कॅमेरा नेणे हे सुरुवातीला केवढे अवघड काम होते, याची आज कल्पना येत नाही. ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर रसायन चढवायचे, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि ओली असतानाच धुवायचे. म्हणजे अंधारखोलीचा तंबूही बरोबर न्यायचा. सॅम्युएल बोर्न यांनी १८६३ ते १८६६ या काळात हिमालयात तीन मोठे प्रवास केले ते हमालांच्या लांबलचक रांगा घेऊन, आणि १८६६ मध्ये १८,६०० फुटांवरच्या मणिरंग खिंडीत त्यांनी छायाचित्रे काढली. पुढे सुमारे पन्नास वर्षांनी, १९१५ च्या अखेरीस, अंटार्क्टिकाच्या बर्फात ‘एन्ड्युरन्स’ जहाज चिरडले गेले. तेव्हा फ्रँक हर्ली यांना आपल्या काचेच्या प्लेटांतल्या सुमारे १२० निवडून बाकीच्या, चारशेच्या आसपास, बर्फावर फोडून टाकाव्या लागल्या. त्यांचे मोठे कॅमेरे तिथेच राहिले. त्यापुढची सगळी कथा, एलिफंट बेटावर माणसे कशी तगली त्यासह, एका ‘व्हेस्ट पॉकेट कोडॅक’ने आणि तीन रोल फिल्मने टिपली. हर्ली यांच्या मोठ्या प्लेटा अप्रतिम आहेत. पण सर्वांत कठीण दिवसांची नोंद खिशातल्या कॅमेऱ्याने केली, हे या विषयाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९५३ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर तेनझिंग यांचे चित्र एडमंड हिलरी यांनी घेतले तेही साध्या कोडॅक रेटिनाने, आणि थंडीत तो गारठू नये म्हणून त्यांनी तो कपड्यांच्या आत बाळगला होता.

हे झाले लहान कॅमेऱ्याचे. सीलबंद कॅमेऱ्याची परंपरा दोन वेगळ्या घरांतून आली. एक घर पाणबुड्यांचे. झाक कूस्तो यांच्यासाठी बेल्जियन अभियंता झाँ द वूटर्स यांनी १९६०च्या सुमारास ‘कॅलिप्सो’ हा वेगळ्या पेटीशिवाय पाण्यात जाणारा कॅमेरा घडवला. निकॉनने तो घेऊन १९६३ पासून ‘निकोनॉस’ नावाने जगभर पोहोचवला. दुसरे घर जपानमधल्या बांधकामांचे. तिथे कामाच्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र फळ्यावर मजकूर लिहून जपून ठेवावे लागते, आणि धूळ, सिमेंट, पाऊस यांत साधा कॅमेरा टिकत नाही. त्या गरजेतून कोनिकाचा ‘गेन्बा कान्तोकु’ हा दणकट कॅमेरा निघाला, आणि रिकोच्या आजच्या डब्ल्यूजी कॅमेऱ्यांतही बांधकामाच्या नोंदींसाठी खास सोय सापडते. माझ्या मते आपल्या कामाचे खरे पूर्वज हे दुसरे घर आहे. पाणबुड्याला सुंदर चित्र हवे होते. बांधकामावरच्या माणसाला तारीख, जागा आणि वस्तुस्थिती हवी होती, रोज, कोणत्याही हवेत.

डिजिटल काळात २००६ साली ऑलिम्पसच्या ७२० एसडब्ल्यू या पातळ कॅमेऱ्याने तीन मीटर पाणी आणि दीड मीटरची पडझड सहन करून दाखवली. मग निकॉन, कॅनन, पॅनासोनिक, फुजीफिल्म सगळेच या क्षेत्रात उतरले. आज त्यांतले बरेच बाजूला झाले आहेत. जगभर २०१० मध्ये छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांची पाठवणी १० कोटींहून अधिक होती, २०२३ मध्ये ती २० लाखांच्याही खाली आली. मोबाइल फोनने ही बाजारपेठ घेतली.

तेव्हा प्रश्न रास्त आहे: पाण्याला न घाबरणारा फोन खिशात असताना वेगळा कॅमेरा कशाला? माझे उत्तर दोन गोष्टींवर उभे आहे. फोनचा स्पर्शपडदा पाण्याखाली चालत नाही आणि ओल्या बोटांनी वेडावाकडा वागतो. कॅमेऱ्याची बटणे मोजे घालूनही दाबता येतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. डोंगरात फोन हे मदतीला हाक मारण्याचे साधन आहे, त्यावरच नकाशा आहे, घरच्यांशी संपर्क आहे. तो ओढ्यात बुडवणे, खडकावर टेकवणे, निसरड्या जागी एका हाताने पुढे करणे हा धोका चित्रासाठी पत्करू नये. धोका पत्करायचा तो कॅमेऱ्याने.

आता यंत्राच्या आत थोडे डोकावू, कारण या क्षेत्रातल्या बहुतेक युक्त्या त्याच्या रचनेतूनच निघतात. साध्या छोट्या कॅमेऱ्याची लेन्स चालू करताच नळीसारखी बाहेर येते. त्या फटीतून पाणी आणि रेती आत जाते. मजबूत कॅमेऱ्यात समोर फक्त एक स्थिर काच असते. तिच्यामागे लोलक बसवलेला असतो, आत आलेला प्रकाश त्यावर काटकोनात वळतो आणि झूमची भिंगे कॅमेऱ्याच्या पोटातल्या पोटातच सरकतात. अशी दुमडलेली लेन्स मिनोल्टाने २००२ मध्ये डायमेज एक्स या कॅमेऱ्यात आणली होती, ती पाण्यासाठी नव्हे, तर कॅमेरा सडपातळ व्हावा म्हणून. जलरोधक कॅमेऱ्यांना ही रचना आयतीच लाभली. बाहेर हलणारा भागच नसल्यामुळे मोठी उघडी जागा एकच उरते: बॅटरी आणि कार्डाचे दार. त्या दाराभोवतीच्या रबरी पट्टीवर सगळा भरवसा.

त्या पट्टीवर अडकलेला एक केस किंवा जांभ्याचा एक कण पाणी आत सोडायला पुरेसा होतो. म्हणून दार बंद करण्यापूर्वी टॉर्चच्या उजेडात पट्टी पाहावी, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावी. उत्पादक ती वर्षातून एकदा बदलून घ्यायला सांगतात, ते मनावर घ्यावे. खोक्यावरच्या ‘१५ मीटर’सारख्या आकड्याचा अर्थही समजून घ्यायला हवा. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. पण ही चाचणी स्थिर पाण्यातली असते. बुडण्यापासूनचे संरक्षण आणि जोरदार फवाऱ्यापासूनचे संरक्षण या आंतरराष्ट्रीय मानकात वेगवेगळ्या चाचण्या आहेत, आणि पहिलीत उत्तीर्ण झालेली वस्तू दुसरीत उत्तीर्ण होईलच असे नाही. धबधब्याच्या थेट धारेखाली कॅमेरा धरणे किंवा घरी येऊन नळाच्या जोरदार धारेखाली धुणे हे डोहात बुडवण्याहून अधिक धोक्याचे ठरू शकते. समुद्रावरून आल्यावर तो दार बंद ठेवून बादलीतल्या गोड्या पाण्यात काही मिनिटे ठेवावा आणि बटणे हलकेच दाबत राहावी, म्हणजे मीठ सुटते. मग सावलीत वाळवावा.

आतल्या धुक्याचा प्रश्न कोकणात फार येतो, आणि त्याचे कारण सहसा कोणी सांगत नाही. सील पाणी आत येऊ देत नाही, तसे आतली दमट हवा बाहेरही जाऊ देत नाही. पावसाळी दुपारी चहाच्या टपरीवर दार उघडून बॅटरी बदलली, तर ती सगळी ओल कॅमेऱ्यात बंद होते. मग कॅमेरा थंड ओढ्यात बुडवताच काचेच्या आतल्या बाजूला दव धरते आणि तासभर जात नाही. टीजी-५ पासून समोर दुहेरी काच देऊन हा त्रास कमी केला आहे. तरीही खरा उपाय आदल्या रात्रीचा: शक्य तितक्या कोरड्या खोलीत बॅटरी आणि कार्ड घालून दार बंद करावे आणि परत येईपर्यंत ते उघडू नये. वातानुकूलित खोलीत बंद केलेला कॅमेरा उत्तम. फक्त बाहेर पडल्यावर त्याच्या काचेवर बाहेरून जी वाफ धरते ती विरेपर्यंत थांबावे लागते.

सेन्सर लहान, हे या कॅमेऱ्याचे सर्वांत मोठे बंधन. त्याचे माप साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. व्यावसायिक छायाचित्रकारांच्या फुल-फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर असते. तिसाव्या हिश्शाहून किंचित लहान तुकडा आपल्या वाट्याला येतो, आणि प्रकाशही त्याच मानाने. ऑलिम्पसने २०१७ मध्ये टीजी-५ काढताना मेगापिक्सेल १६ वरून १२ वर आणले, तो त्या बाजारातला धीट आणि शहाणपणाचा निर्णय होता असे मला वाटते. पण लहानपणाचा लाभही आहे. रुंद टोकाला या लेन्सची नाभीय लांबी फक्त ४.५ मिलिमीटर, त्यामुळे हाताजवळचा दगड आणि पलीकडचा कडा एकाच वेळी पुरेसे स्पष्ट येतात. ओढ्याच्या काठी बसून पुढचे शेवाळ, मधले पाणी आणि मागचे गाव एका चौकटीत घ्यायचे असेल, तर मोठ्या कॅमेऱ्याला जी खटपट करावी लागते ती इथे लागत नाही.

याच आकड्यातून पावसातल्या छायाचित्रणाचा मुख्य नियम निघतो. ४.५ मिलिमीटर लांबी आणि एफ/२ छिद्र, म्हणजे प्रकाश ज्या वाटेने आत जातो ती जेमतेम सव्वादोन मिलिमीटर रुंद. पावसाचा काचेवर बसलेला एक थेंब ती सगळीच झाकू शकतो. मोठ्या लेन्सवर तोच थेंब पडला तर चित्राचा एक भाग थोडा मऊ होतो, एवढेच. म्हणून आपल्याला कॅमेऱ्याच्या मजबुतीची जेवढी काळजी लागत नाही तेवढी त्या काचेची लागते. चालताना काच खाली ठेवावी. चित्र घेण्याच्या क्षणी वर करावी. सुती रुमाल कोरडा ठेवण्यासाठी झिपची पिशवी वेगळी असावी. किंवा सरळ काच पूर्ण पाण्यात बुडवून बाहेर काढावी आणि पाण्याचा सलग पडदा ओघळून जाताच बटण दाबावे. धो धो पावसात ही दुसरी पद्धत रुमालापेक्षा अधिक कामी येते.

या कॅमेऱ्याचे सर्वांत समृद्ध क्षेत्र कोणते, असे विचाराल तर मी किनाऱ्यावरच्या खडकांतली डबकी म्हणेन. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, ओहोटीही सर्वांत लांब जाते आणि एरवी पाण्याखाली असलेले खडक दोन-तीन तास उघडे पडतात. मुंबईत हाजी अली, गिरगाव, वांद्र्याचा कार्टर रोड येथे हे घडते. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमातून अशा फेऱ्या निघू लागल्या, आणि ज्या किनाऱ्याकडे शहर फक्त कचऱ्याच्या संदर्भात पाहत होते तिथे समुद्रफुले, झोअँथिडच्या वसाहती, रंगीत सागरी गोगलगायी आणि कधीकधी ऑक्टोपसही लोकांनी पाहिले. डबके वरून टिपले तर आकाशाचे प्रतिबिंब येते. कॅमेरा पृष्ठभागाखाली बोटभर नेला की प्रतिबिंबाचा प्रश्नच मिटतो. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच फिका पडतो, त्यामुळे तारकर्ली-मालवणला डायव्हिंग करताना सगळे हिरवे-निळे दिसते आणि टॉर्चशिवाय खरा रंग परत येत नाही. वीतभर खोल डबक्यात मात्र रंग शाबूत असतात. पाण्यामुळे वस्तू तीन चतुर्थांश अंतरावर भासतात आणि लेन्सचा रुंद कोन आवळला जातो, एवढे ध्यानात ठेवावे. फ्लॅश टाळावा, कारण तो लेन्सच्या अगदी शेजारी असल्याने पाण्यातला गाळ चांदण्यांसारखा चमकतो. अर्धे पाण्यात आणि अर्धे बाहेर असे चित्र या कॅमेऱ्याने क्वचितच साधते. काच इतकी लहान की पाण्याची कड अर्धी चौकट व्यापते. त्याचा हट्ट धरू नये.

दुसरे क्षेत्र सडा. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेले आणि फुलांच्या गालिच्यांची चित्रे घरोघरी पोहोचली. गालिचा मोबाइलनेही निघतो. सड्याची खरी रचना गुडघ्यांवर बसल्याशिवाय दिसत नाही: दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंब आणि त्यांत अडकलेला कीटक, सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे फूल, गेंदाचे पांढरे गोळे, कवल्याच्या पिवळ्या पाकळ्यांवरचे ठिपके. टीजी मालिकेत लेन्सपासून एक सेंटिमीटरवर फोकस होतो, आणि असे जवळ जाण्यासाठी वेगळी, महागडी लेन्स लागत नाही. इतक्या जवळ कॅमेऱ्याचीच सावली पडते. त्यावर ऑलिम्पसने लेन्सभोवती बसणारी प्रकाशकडी दिली, रिकोने लेन्सभोवती सहा छोटे दिवेच बसवले. वेगवेगळ्या अंतरांवरची अनेक चित्रे एकत्र करून सगळे स्पष्ट करणारी सोयही आहे, पण सड्यावरच्या वाऱ्यात ती सहसा फसते. पाठ वाऱ्याकडे करून, छत्री जमिनीला टेकवून आडोसा करावा आणि झुळूक थांबण्याची वाट पाहावी. सड्यावर पाणी साचून तयार होणारी उथळ तळी तर जवळजवळ अस्पर्श आहेत. त्यांतल्या परीकोळंबीची अंडी पुढचा सगळा उन्हाळा कोरड्या मातीत काढतात.

तिसरे उदाहरण मुद्दाम देतो, कारण त्यात या कॅमेऱ्याचे बळ आणि दुबळेपण दोन्ही एकत्र दिसतात. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या लेण्यात भव्य शिवलिंगाभोवती कमरेपर्यंत गार पाणी असते. प्रदक्षिणा घालायची तर पाण्यातूनच. मोठा कॅमेरा दाराशी ठेवावा लागतो. आपला कॅमेरा गळ्यात अडकवून आत नेता येतो, अखंड उरलेल्या एका खांबाकडून इतर तीन तुटक्या खांबांकडे पाहता येते, पाण्याच्या पातळीला लेन्स टेकवता येते. पण आत अंधार आहे. छोटा सेन्सर तिथे दाणेदार चित्र देतो. उपाय थोडे आहेत: रुंद टोक सोडू नये, म्हणजे एफ/२ मिळते, कॅमेरा खडकाला टेकवून दोन सेकंदांच्या टायमरवर घ्यावा, टीजी-४ पासून रॉ नोंद मिळते ती चालू ठेवावी. एवढे करूनही चित्र नोंदीच्या दर्जाचे येईल, भिंतीवर लावण्याच्या नव्हे. मे-जूनमधले काजवे, दूरचा गरुड, रात्रीचे आकाश यांसाठी हा कॅमेरा नाहीच. ज्याला पक्ष्यांचीच ओढ आहे त्याने दुसरे यंत्र घ्यावे, हे मी प्रेमाने सांगतो.

नोंद म्हटले की तिची शिस्त आली. या क्षेत्रातले चित्र पुढे कोणा वनस्पतिशास्त्रज्ञाच्या, मत्स्यतज्ज्ञाच्या किंवा इतिहासकाराच्या उपयोगी पडायचे असेल, तर तारीख, जागा आणि माप या तीन गोष्टी हव्यात. कॅमेऱ्याचे घड्याळ निघण्यापूर्वी लावावे. जीपीएस बॅटरी खातो, तरी नोंदीच्या ठिकाणी तो चालू असावा. मापासाठी कडेला पट्टी किंवा नाणे ठेवून एक जादा चित्र घ्यावे. काही कॅमेरे हवेच्या दाबावरून उंची सांगतात; समुद्रसपाटीजवळ दाब एक हेक्टोपास्कल बदलला की उंची सुमारे आठ मीटरने बदललेली दिसते, आणि पावसाळी वातावरणात दाब दिवसभरात पाच-सहाने सहज खाली-वर होतो. म्हणजे काही न चढता आपण चाळीस मीटर चढलो असे यंत्र सांगेल. पायथ्याच्या गावी ज्ञात उंचीवर ते जुळवून घेणे एवढाच त्यावर उपाय. अशी चित्रे २००८ पासून चालू असलेल्या आयनॅचरलिस्टसारख्या जागी किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर दिली, तर जाणकार ओळख पटवतात आणि नोंद सर्वांची होते.

जागा सांगण्यालाही मर्यादा हवी, आणि हा मुद्दा मला फार जवळचा वाटतो. आंबोलीतल्या हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यात ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा मासा असल्याचे २०२० मध्ये जगाला कळले. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्या जागेला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला. भाविकांच्या रोजच्या वाटेवरच्या छोट्याशा पाण्यात विज्ञानाला अनोळखी जीव राहत होता. ही गोष्ट आपल्याला लहान पाण्यांकडे पाहायला शिकवते, त्याच वेळी सावधही करते. अशा कुंडात कॅमेरा बुडवू नये, गाळ ढवळू नये. दुर्मीळ आमरी, पाली, साप यांची अचूक जागा उघड करू नये. चित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यातली जीपीएसची माहिती काढून टाकावी. ओहोटीच्या खडकावर दगड उलटला तर तो जसा होता तसाच परत ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूला जगणारे जीव उन्हात मरतात. बेडूक हातात घेऊ नये. आपल्या हाताला लावलेले डासांचे मलम त्याच्या त्वचेला अपायकारक असते. पावसाळी रात्री एका हरणटोळाभोवती किंवा चापड्याभोवती फ्लॅशचा मारा करत उभी असलेली गर्दी पाहिली की वाईट वाटते. आपल्या हातात पाण्याला न भिणारे यंत्र आहे म्हणून आपण कुठेही शिरावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

या पुस्तकाची प्रकरणे ऋतूच्या क्रमाने लावली आहेत: वलगणीपासून सुरू होऊन आवणीची शेते, सडे, ओढे, लेणी आणि टाकी, आणि शेवटी हिवाळ्यातला समुद्र. ज्यांच्याकडे अजून कॅमेरा नाही त्यांनी नवाच घेतला पाहिजे असे नाही. जुने टीजी किंवा डब्ल्यूजी वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात मिळतात, फक्त दाराची पट्टी आणि बिजागरी नीट पाहून घ्यावी, आणि पहिल्यांदा पाण्यात नेण्याआधी पट्टी बदलून घ्यावी. दूरच्या घाटाचीही वाट पाहू नये. घराजवळचा एक ओहोळ, देवळाचे तळे किंवा मैदानातले साचलेले पाणी निवडावे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापासून दर आठवड्याला त्याच दगडावरून, त्याच दिशेने, एक चित्र पाण्यावरून आणि एक पाण्याखालून घ्यावे. ऑक्टोबरमध्ये ते पाणी आटेल तेव्हा सुमारे वीस आठवड्यांची ओळीने लावता येणारी नोंद हाती असेल. अशी एकेका पाण्याची मालिका महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या गावांतून जमली, तर पुढच्या आवृत्तीत तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण ठेवण्याचा मानस आहे.